विणकामाच्या पानाआडून घरात शिरलेलं विष

हिटलरच्या जर्मनीत ज्यूंचा द्वेष केवळ सभा आणि भाषणांतून पसरला नाही. पाककृती, विणकाम आणि बाळाच्या संगोपनाचे सल्ले देणारी बायकांची नियतकालिकंही त्या कामाला जुंपली गेली. ओळखीची शेजारीण हळूहळू परकी कशी झाली, त्याची ही कहाणी...

१९३५ सालचं बर्लिन. पोलीन लेव्हिन्सन्स या तरुण आईच्या घरी साफसफाईला येणाऱ्या बाईनं एक दिवस बातमी आणली. पोलीनच्या बाळाचा, छोट्या हेसीचा फोटो म्हणे एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलाय! पोलीनला खरं वाटेना. तिनं बाईच्या हातावर पैसे ठेवले आणि अंक मागवला. मासिकाचं नाव होतं ‘झोन्ने इन्स हाउस’, म्हणजे ‘घरात ऊन येऊ दे’. मुखपृष्ठावर खरोखरच हेसी होती. डोक्याला टोपडं, गोबरे गाल आणि टपोरे डोळे.

कुठल्याही आईला अशा वेळी आकाश ठेंगणं वाटलं असतं. पोलीनच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. कारण आतल्या पानांवर दंडाला नाझी स्वस्तिक बांधलेल्या माणसांची छायाचित्रं होती आणि लेव्हिन्सन्स कुटुंब ज्यू होतं. पती-पत्नी दोघंही मूळचे लॅटव्हियाचे, ऑपेरा गायक. नवरा ज्यू आहे हे कळताच त्याचं गाण्याचं काम काढून घेण्यात आलं होतं.

पोलीन धावत फोटोग्राफर हान्स बालिनकडे गेली. हा फोटो त्याच्याच स्टुडिओत काढलेला. बालिननं शांतपणे सगळं कबूल केलं. आदर्श ‘आर्य’ बाळ निवडण्यासाठी फोटोग्राफरांकडून छायाचित्रं मागवली होती. हेसी ज्यू आहे हे माहीत असूनही त्यानं तिचा फोटो मुद्दाम पाठवला होता. नाझींचा वंशाचा सिद्धांत किती हास्यास्पद आहे ते त्याला दाखवायचं होतं. आणि गंमत बघा, नेमकी हेसीच निवडली गेली! पुढं हा फोटो पोस्टकार्डांवरही छापला गेला. घरच्यांची मात्र झोप उडाली. कुणी ओळखलं तर? म्हणून बाळाला बागेत फिरायला नेणंही आईबापांनी टाळलं.

किस्सा मजेदार वाटतो खरा. पण त्यामागचा प्रश्न गंभीर आहे. राज्य बळकावून बसलेल्या एका आक्रमक राजकीय पक्षाला गोंडस बाळांचे फोटो छापणारी मासिकं कशासाठी हवी होती?

बाई पटली की घर पटतं

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर आला. तेव्हा जर्मनीत सुमारे ५ लाख ज्यू होते. एकूण लोकसंख्येच्या एक टक्कासुद्धा नाही. डॉक्टर, वकील, शिक्षिका, कोपऱ्यावरचा कापडवाला, वर्गातली मैत्रीण अशा रूपात ते रोजच्या जगण्यात मिसळून गेले होते. महाराष्ट्राला हे समजायला कठीण नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ नावानं ओळखले गेलेले बेने इस्रायली ज्यू घरात मराठीच बोलत. गावकऱ्यांच्या दृष्टीनं ते गावातलेच. जर्मनीतही असंच होतं. त्यामुळे नाझींपुढचं काम सोपं नव्हतं. रोज भेटणाऱ्या माणसाला शत्रू ठरवायचं, तर त्याची घराघरातली ओळख पुसायला हवी होती. आणि घराची किल्ली होती बाईच्या हातात.

मार्च १९३३ मध्ये गोबेल्सचं प्रचार मंत्रालय उभं राहिलं. ऑक्टोबरमध्ये संपादकांविषयीचा कायदा आला. संपादक आणि पत्रकार ‘आर्य’च हवा आणि त्याची जोडीदारही, असं बंधन त्यात होतं. ज्यू पत्रकारांच्या हातून लेखणी गेली. पुढची पाळी मालकांची. बर्लिनची उल्स्टाइन ही ज्यू कुटुंबाची प्रकाशनसंस्था फार मोठी. ‘डी दामे’ हे फॅशनचं देखणं मासिक आणि गृहिणींसाठीचं ‘ब्लाट डेर हाउसफ्राउ’ ही दोन्ही तिचीच. कपडे बेतण्यासाठी या संस्थेनं काढलेले कागदी नमुने तर जर्मन घराघरात वापरले जात. म्हणजे कित्येक जर्मन बायकांनी आपल्या मुलींचे फ्रॉक ज्यू प्रकाशकाच्या नमुन्यावरून शिवले होते. १९३४ मध्ये उल्स्टाइन कुटुंबाला ही संस्था कवडीमोलानं विकावी लागली. १९३७ मध्ये तिचं नावही बदलण्यात आलं. नमुने घेणाऱ्या बायकांच्या हाती यापुढंही नमुने येतच राहिले. फरक पडला तो मालकात आणि संपादकाच्या खुर्चीत.

नाझी पक्षाचं स्वतःचं पाक्षिकही होतं, ‘एनएस फ्राउएन-वार्टे’. १९३२ च्या जुलैत सुरू झालेलं हे पाक्षिक महिलांसाठीचं पक्षाचं अधिकृत मुखपत्र ठरलं. १९३९ पर्यंत त्याचा खप १९ लाखांच्या घरात गेला होता. १९३४ पासून जर्मन महिलांची सर्वोच्च पुढारी म्हणून नेमलेली गेरट्रुड शोल्ट्झ-क्लिंक आणि तिची महिला संघटना यांचा आवाज याच पाक्षिकातून घरोघरी पोचायचा.

सगळ्यांसाठी, पण...

हे पाक्षिक उघडणाऱ्या बाईला पहिल्या पानापासून शिव्याशाप वाचायला मिळत, असं मुळीच नाही. ज्यूंबद्दल गलिच्छ चित्रं आणि मजकूर छापायला युलियस श्ट्रायखरचं ‘डेर श्ट्युर्मर’ हे साप्ताहिक होतंच. अनेक सुशिक्षित घरांत ते वाचणं कमीपणाचं मानलं जाई. बायकांच्या पाक्षिकाची तऱ्हा वेगळी. त्यात विणकामाचे टाके, जुन्या कोटातून मुलाचा सदरा कसा काढावा, बाळाची अंघोळ, नाताळची सजावट, गोष्टी आणि कविता असत. त्यांच्या मधूनमधून पक्षाचे लेख पेरलेले. ही वाचनीय पानं होती आणि तीच खरी मेख होती.

एका भांड्यातल्या जेवणाचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९३३ पासून थंडीच्या महिन्यांत एका रविवारी सर्व घरांनी एकाच भांड्यात शिजणारं साधं जेवण करावं, असं फर्मान निघालं. वाचलेले पैसे ‘हिवाळी मदत निधी’ला द्यायचे. ते गोळा करायला माणसं दारात येत. साहजिकच मासिकांत अशा जेवणाच्या पाककृतींना मागणी आली. बटाटे, कोबी, डाळी, थोडं मांस. त्या कृतीत ज्यूंबद्दल एक अक्षरही नसे. गरिबाला मदत करायची भावनाही चांगलीच. पण १९३५ पासून त्याच निधीतून गरीब ज्यूंना वगळण्यात आलं. म्हणजे रविवारी चुलीवर भांडं चढवणारी गृहिणी ‘आपल्या माणसांसाठी’ त्याग करत होती आणि ‘आपली माणसं’ कोण, हे तिच्यासाठी दुसऱ्याच कुणी ठरवून टाकलं होतं.

लग्नासाठीच्या कर्जाचंही तेच. १९३३ च्या कायद्यानं नवविवाहितांना १००० मार्कांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळू लागलं. प्रत्येक अपत्यामागं पाव भाग माफ. सुरुवातीला अट अशी, की बायकोनं नोकरी सोडायची. आणि जोडपं ज्यू नसायचं. डिसेंबर १९३८ मध्ये ‘मातृ क्रॉस’ हा सन्मान जाहीर झाला. चार-पाच मुलांच्या आईला ब्राँझ, सहा-सात मुलांच्या आईला रुपेरी आणि आठ किंवा अधिक मुलांच्या आईला सोनेरी पदक. अट तीच, रक्त ‘जर्मन’ हवं.

मासिकांत हसऱ्या आया, सोनेरी केसांची मुलं आणि फुलांनी सजलेलं जेवणाचं टेबल दिसे. अशा चित्रांत ज्यू बाई कधीच नसे. वर्षानुवर्षं हेच बघणाऱ्या वाचकांच्या मनात सुंदर घराचं एक चित्र पक्कं झालं. त्या चित्रात समोरच्या जिन्यावर राहणाऱ्या शेजारणीला जागाच उरली नाही.

पाकीट कुणाच्या हाती?

१ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर देशभर बहिष्कार पुकारला. दारादारांत तपकिरी गणवेशातले पहारेकरी उभे राहिले. ज्यूंकडून खरेदी करू नका, अशा पाट्या लागल्या. हा बहिष्कार यशस्वी करायचा तर बायकांना हाताशी धरणं भाग होतं. कारण घरात धान्य कुठून आणायचं, मुलांचे बूट कुठून घ्यायचे, हे त्याच ठरवत. त्या दिवशी सगळ्याच काही घाबरल्या नाहीत. पुढं हिटलरविरोधी कटात गोवून फाशी दिल्या गेलेल्या पाद्री डीट्रिख बोनहोफरची नव्वदीची आजी, युली बोनहोफर, पहारेकऱ्यांच्या रांगेतून सरळ चालत बर्लिनच्या ‘काडेवे’ या मोठ्या दुकानात गेली आणि खरेदी करून बाहेर आली.

म्हणूनच पुढच्या वर्षांत एका दिवसाच्या बहिष्काराऐवजी रोजची सवय बदलण्यावर भर देण्यात आला. तयार कपड्यांचा बर्लिनमधला धंदा हाउसफोगटाइप्लाट्झ या चौकाभोवती एकवटलेला होता. त्यात ज्यू उद्योजक, शिंपी आणि डिझायनर यांचा वाटा मोठा. मे १९३३ मध्ये ‘आडेफा’ नावाची ‘आर्य’ कपडे उत्पादकांची संघटना स्थापन झाली. कापसापासून काजापर्यंत कशालाही ज्यू हात लागलेला नाही, याची ग्वाही देणारं लेबल ती कपड्यांना लावू लागली. जाहिराती आल्या, प्रदर्शनं भरली. लिपस्टिक, सिगारेट आणि पॅरिसची फॅशन म्हणजे जर्मन बाईला नासवणारा ‘ज्यू’ प्रभाव, असाही प्रचार चालला. साधेपणाचा उपदेश आणि द्वेष यांची अशी सरमिसळ केली, की एकाला नाही म्हणताना दुसऱ्यालाही नाही म्हणावं लागावं. ऑगस्ट १९३९ मध्ये ‘आडेफा’ बरखास्त झाली. कारण साधं होतं. कपड्यांच्या धंद्यात हुसकून लावायला ज्यू उरलेच नव्हते.

आईच्या तोंडून

प्रचारकांना आईच्या तोंडचा शब्द सर्वात मोलाचा वाटे. १९३८ मध्ये श्ट्रायखरच्या प्रकाशनानं ‘विषारी अळंबी’ हे मुलांचं पुस्तक काढलं. त्याची सुरुवातच अशी, की आई मुलाला घेऊन रानात अळंबी गोळा करायला जाते. चांगली कुठली, विषारी कुठली हे ती शिकवते. मग तोच धडा माणसांना लावते आणि विषारी माणसं म्हणजे ज्यू, असं सांगते. कुठल्याही देशातली आई मुलाला जे प्रेमानं शिकवते, त्याच प्रसंगात हे विष कालवलं होतं.

घरातल्या आणखी एका नात्यावर कायद्यानंच घाव घातला. सप्टेंबर १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि जर्मन यांच्यातले विवाह बंद केले. त्यातच एक कलम असं होतं, की ज्यूंच्या घरी ४५ वर्षांखालील जर्मन बाईनं घरकाम करायचं नाही. वर्षानुवर्षं एका घरात राबलेल्या, तिथली मुलं अंगाखांद्यावर खेळवलेल्या मोलकरणींना काम सोडावं लागलं. कलमाचा न बोललेला अर्थ असा होता, की ज्यू घरमालकापासून जर्मन मुलीच्या अब्रूला धोका आहे. ज्या प्रचाराला सभ्य घरांत नाकं मुरडली जात, तोच आता कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

याच काळात ‘वंशवेल’ शोधण्याचं वेड घरोघरी पोचलं. चार आजी-आजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले जमवायचे, पुस्तिकेत नोंदवायचे. घराण्याचा इतिहास जपण्याचा हा छंद वरून निरागसच. पण एका कागदावरून कुणाची नोकरी टिकणार आणि कुणाची जाणार, हे ठरत होतं.

दुसऱ्या बाजूचं मासिक

त्याच वर्षांत जर्मनीत बायकांचं आणखी एक मासिक निघत होतं. बेर्था पापेनहाइम यांनी १९०४ मध्ये स्थापन केलेल्या ज्यू महिला संघटनेचं हे मुखपत्र. हाना कार्मिन्स्की त्याच्या संपादिका. एप्रिल १९३३ मध्येच ज्यूंच्या धार्मिक पद्धतीनं जनावर कापण्यावर बंदी आली. धर्म पाळणाऱ्या घरांत मांस मिळेनासं झालं. मग या संघटनेच्या बायकांनी मांसाशिवाय कसा स्वयंपाक करावा, कमी पैशांत आणि लहान जागेत घर कसं चालवावं, परदेशी जायचं तर कोणतं काम शिकून घ्यावं, याचा सल्ला एकमेकींना द्यायला सुरुवात केली.

दोन्हीकडे पानं बायकांचीच. दोन्हीकडे काटकसर, दोन्हीकडे कोबी-बटाटे. एकीकडे पदकाचं स्वप्न, तर दुसरीकडे उद्याचा दिवस कसा निघेल याची चिंता. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि हजारो दुकानं एका रात्रीत फोडली-जाळली गेली आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेलं. त्यानंतर ही संघटना आणि तिचं मासिक दोन्ही बंद पाडण्यात आलं. कार्मिन्स्की यांना देश सोडून जाणं शक्य होतं. त्या मागं राहिलेल्यांसाठी थांबल्या. १९४२ च्या अखेरीस त्यांची आउशवित्झला रवानगी झाली. तिथून त्या परतल्या नाहीत.

चार ते पाचची खरेदी

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि बायकांच्या पाक्षिकाचा सूर चढा झाला. घरादारावर आलेलं संकट ‘ज्यू आणि बोल्शेविक’ यांनीच ओढवलं, हे पुन्हा पुन्हा बिंबवलं जाऊ लागलं. जिंकलेल्या पोलंडमध्ये जर्मन वस्ती वसवायला जाणाऱ्या तरुणींचं कौतुक होऊ लागलं. त्या तिथं पडदे लावत, घरं झाडूनपुसून जर्मन कुटुंबांच्या हवाली करत. या घरांतले पोलिश आणि ज्यू मालक कुठं गेले, ते विचारायची पद्धत नव्हती.

बर्लिनमध्ये जुलै १९४० पासून ज्यूंना दुपारी चार ते पाच या एका तासातच वाणसामान घेण्याची मुभा उरली. तोवर दुकानातला चांगला माल संपलेला असे. रेशन कार्डावर ‘जे’ अक्षराचा शिक्का. सप्टेंबर १९४१ मध्ये कपड्यांवर पिवळा तारा शिवणं सक्तीचं झालं. शिवणकामाची सुई इथंही लागलीच! ऑक्टोबरपासून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाड्या भरू लागल्या.

आणि मग रिकाम्या घरांतलं सामान बाजारात आलं. हाम्बुर्ग बंदरात जर्मनीतल्या आणि पश्चिम युरोपातल्या ज्यूंच्या घरांमधल्या वस्तूंचे जाहीर लिलाव होत. टेबलक्लॉथ, ताटं-वाट्या, शिलाई मशिनं, लहान मुलांचे पलंग. १९४१ ते १९४५ दरम्यान हाम्बुर्ग आणि आसपासच्या किमान एक लाख लोकांनी अशा वस्तू विकत घेतल्या, असा इतिहासकार फ्रांक बायोर यांचा अंदाज आहे. हे सगळे लोक काही राक्षस नव्हते. स्वस्तात मिळालेला टेबलक्लॉथ घरी नेऊन इस्त्री करणाऱ्या साध्या गृहिणी त्यांत होत्या. तो कुणाच्या घरातला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो पडू नये, याची तयारी आधीची आठ-नऊ वर्षं चालू होती.

ज्यांनी ऐकलं नाही

सगळ्याच बायका या प्रचाराला बळी पडल्या का? नाही. २७ फेब्रुवारी १९४३ रोजी बर्लिनमध्ये उरलेल्या ज्यूंची धरपकड झाली. त्यांतल्या सुमारे २ हजार जणांना रोझनश्ट्रास या रस्त्यावरच्या एका इमारतीत डांबलं. त्यांत बहुतेक पुरुष जर्मन बायकांचे नवरे होते. या बायका इमारतीसमोर जमल्या आणि थंडीत दिवसेंदिवस तिथंच उभ्या राहिल्या. घटस्फोट घ्या म्हणून गेली दहा वर्षं त्यांच्यावर दबाव येत होता. नातेवाइकांनी पाठ फिरवली होती. पण त्या हटल्या नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून त्यांच्या माणसांना सोडण्यात येऊ लागलं. ही सुटका कशामुळे झाली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. बायका उभ्या राहिल्या, याबद्दल मात्र दुमत नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, तोवर युरोपातले सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले होते. त्यांत १० ते १५ लाख मुलं होती. ‘विषारी अळंबी’चा प्रकाशक श्ट्रायखर न्युरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४६ मध्ये फासावर गेला. त्यानं स्वतःच्या हातानं कुणाला मारलं नव्हतं. छापील शब्दासाठी त्याला ही शिक्षा झाली. शोल्ट्झ-क्लिंक मात्र खोट्या नावानं तीन वर्षं लपून राहिली. १९४८ मध्ये सापडली, तेव्हा तिला दीड वर्षाची कैद झाली. अमेरिकन इतिहासकार क्लॉडिया कून्झ तिला पुढं भेटल्या. उतारवयातही तिला कशाचा पश्चात्ताप नव्हता. आपण फक्त बायकांचं काम केलं, राजकारणाशी संबंध नव्हता, अशीच तिची समजूत होती. १९९९ मध्ये, ९७ व्या वर्षी ती वारली.

आणि मुखपृष्ठावरच्या त्या बाळाचं काय झालं? १९३८ मध्ये हेसीच्या वडिलांना अटक झाली. त्यांचे हिशेब बघणारा माणूस स्वतः नाझी पक्षाचा सभासद, पण त्यानंच त्यांची बाजू घेऊन त्यांना सोडवलं. कुटुंब जर्मनीतून निसटलं. पॅरिस, मग क्युबा असं करत १९४९ मध्ये ते अमेरिकेत पोचलं. हेसी रसायनशास्त्र शिकली आणि न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक झाली. २०१४ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी तिनं तो जुना अंक जेरुसलेमच्या ‘याद वाशेम’ या स्मारक-संग्रहालयाच्या स्वाधीन केला. सगळ्या संकटांत तिच्या आईवडिलांनी तो जपून ठेवला होता.

आदर्श आर्य म्हणून निवडलेलं ते ज्यू बाळ आजही त्या मुखपृष्ठावरून टपोऱ्या डोळ्यांनी वर बघतंय. ज्यांनी त्याला निवडलं, त्यांना त्याच्या चेहऱ्यात काहीच वेगळं दिसलं नव्हतं.